निळा ड्रम

आळत्यात, गोठ्यामागच्या सावलीत
दोनशे लिटरचा निळा ड्रम.
शेण, गोमूत्र, दोन किलो बेसन,
गुऱ्हाळावरचा काळपट गूळ,
पेठेत ज्याला कुणी भाव देत नाही तो.
शेवटी बांधावरची मूठभर माती.

रत्नाक्का मगदूम काठी फिरवते
उजव्या फेऱ्यानं, दोन्ही वेळा.
पाणी मात्र आधी गाळून घेतलेलं,
दुहेरी फडक्यातून.

"ह्यात किती जीव असतील गं?"
"मोजू नयेत," म्हणाली. "उपाशी ठेवू नयेत."

दिवस बुडायच्या आत तिचं जेवण उरकतं.
ड्रम रात्रभर जेवतो,
गोणपाटाखाली बुडबुडत.

चौथ्या दिवशी तांब्या-तांब्यानं
शतावरीच्या बुडाला.
वर बारीक पांढरी फुलं, मधमाश्या.
खाली, दिसत नाही तिथं,
मुळ्या जाड होत जातात
बाळंतिणीच्या बोटांसारख्या.

कांदा-बटाटा तिच्या चुलीला ठाऊक नाही.

माघात वैद्यांचा टेम्पो येतो,
कुदळी उतरतात.
अक्का त्या दिवशी कुंभोजला, बहिणीकडे.
जाताना गड्यांना एवढंच,
"गड्ड्याचा एक तरी डोळा मातीत राहू दे, बाबांनो."

परतल्यावर उकरलेल्या सरीकडं बघत नाही.
पदर खोचते,
फडकं झटकते,
पाणी गाळायला घेते.