तोडायचं कुठं

दाजी पेठेत, जिन्याखालच्या खोलीत
ओळ भरली, आणि शब्द उरला.
संगणक विचारत नाही, तोडून मोकळा होतो:
वर सोलापू-
खाली र,
शेवटची बस चुकलेल्या पोरासारखा.

यादगिरीमामा जुळारी होते, शिशाचे खिळे होते तेव्हाचे.
जोडाक्षराला हात लावायचा नाही, म्हणायचे,
वेलांटी ज्याची त्याच्याबरोबर जाईल,
आणि एकटं अक्षर खालच्या ओळीत
झोपवायचं नाही कधी.
बाकी जीभ सांगेल.
मग शब्द मोठ्यानं म्हणत,
मराठीच, पण तेलुगूच्या हेलानं,
आणि त्यांचा श्वास अडे तिथं मी खूण करी.
म्हणून आमच्याकडची जुनी पुस्तकं
जरा वेगळ्या जागी तुटतात.
अजून कुणी तक्रार केलेली नाही.

हे पुस्तक बालमणी गाजुलांचं, वडिलांवर.
त्यांची अट एकच:
बाबांचं नाव तोडायचं नाही.
नाव, चिन्नानरसय्या.
ते नेमकं ओळीच्या टोकाशी येतं,
खाली ढकललं की वरची ओळ विरते,
फणीचा दात मोडल्यावर कापडात
उभा उजेड दिसतो, तशी.
दिसू दे, बाई म्हणाल्या.
धागा तुटला की बाबा गाठ मारायचे,
गाठ चादरीच्या उलट बाजूला जायची.
तुमच्या कागदाला उलट बाजू नसते का?
असते.
तिथं मागचं पान असतं.

आज पान एकशे बारा. गिरणीला कुलूप लागतं ते.
तिसऱ्या ओळीच्या शेवटी

काम-
गार

नियमात बसतं. दोन अक्षरं वर, दोन खाली.
मामांची जीभही इथंच थांबली असती.
बाईंनी हे लिहिलेलं नाही,
मीही नाही,
ओळीच्या रुंदीनं लिहिलं.
पडद्याकडे बघत चहा निवला.

मग शब्दांमधल्या जागा आवळल्या,
केसभर, पुन्हा केसभर.
शब्द वर मावला, अख्खा,
भोंगा संपता संपता
फाटकातून आत घुसल्यासारखा.

गुरुवारी प्रूफ परत आलं.
चिन्नानरसय्यांपाशी काही नाही.
तिसऱ्या ओळीपाशी हिरव्या शाईत:
इथं एवढी दाटी का?

मी खाली लिहिलं,
शब्द लांब होता.