घोट्याजवळची लाइन

सव्वीस वर्षं मी माझगावच्या एक्स्चेंजमध्ये होते.
कानाला हेडफोन, हातात प्लगांच्या दोऱ्या,
रत्नागिरी जोडून दे, भुसावळ जोडून दे,
आणि मधेच कुणी रडायला लागलं
तर आपण तिथे नसल्यासारखं बसायचं.

म्हणून डॉक्टर कापडिया म्हणाल्या,
"निरोप निघतोय, पण वाटेत कुठेतरी तुटतोय,"
तेव्हा मला जास्त समजवावं लागलं नाही.
केबल फॉल्ट. एवढंच.
एवढंच म्हणायला मला अकरा वर्षं लागली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आई म्हणायची.
माझी मूठच झाकत नव्हती.

अकरा वर्षं मी मुंबई शौचालयांवरून ओळखली:
गिरगावातलं, कडी नसलेलं, पाय दाराला लावून बसायचं;
भायखळ्याचं, तिथला पोऱ्या आता मला सुट्टे मागत नाही;
लालबागला पेट्रोल पंपावरचं, किल्ली मॅनेजरच्या खिशात,
आणि मॅनेजर जेवायला गेलेला.
पुतणीच्या लग्नात सकाळपासून उपाशी.
"चतुर्थी आहे," म्हटलं. त्या दिवशी पंचमी होती.
साडी कायम गडद, पिशवीत दुसरा परकर,
अत्तर इतकं की भावजय म्हणाली,
"शरयू म्हातारपणी नटायला लागली."
हसले मी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

परळला, दुसऱ्या मजल्यावर, दर गुरुवारी अर्धा तास.
डाव्या घोट्याच्या आतून, चार बोटं वर,
पैंजण सरकून थांबायचं त्याच्या जरा पुढे,
केसाएवढी सुई, सुईला वायर.
दुखणं एकीकडे, सुई भलतीकडे!
विचारलंच मी. मुनीरा, यंत्र लावणारी पोरगी, म्हणाली,
"मावशी, ही नस वर कमरेत जाते, माकडहाडाच्या वरती.
तुमच्या त्या जागेची नसही तिथूनच निघते.
एका खांबावरून दोन घरांच्या तारा."
आमचा पाष्टे लाइनमन अगदी असंच बोलायचा.
तिने बटण फिरवलं. अंगठा आपोआप वाकला.
"लागली," ती म्हणाली.
ते "लागली" मी झोपेतही ओळखेन.

पहिले पाच गुरुवार, काही नाही.
सहाव्याला मी मुनीरावर ओरडले.
सातव्याला वहीत लिहिलं: दोनदा. एकदा जिन्यात.
शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त हवालदार,
नाव त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही,
दोघं आपापल्या अंगठ्याकडे बघत बसलेलो,
नवीन लग्न झाल्यासारखे.

चिमट्याने ओढून काढलेली माझी लेक, पावणेचार किलोंची,
तिला आता सातवा महिना.
परवा म्हणाली, "आई, तुझ्या वेळी फाटलं होतं का गं?"
एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
टाके घालणाऱ्यानेसुद्धा.
"बस," म्हटलं. "सांगते."
सांगितलं. चहावर साय धरली.
तिने ती बोटाने काढली आणि गार चहा तसाच प्यायली.

नवव्या आठवड्यात, मंगळवारी, ग्रँट रोडच्या भाजीगल्लीत,
हातात दुधी, नख लावून बघतेय,
आणि आतून कुणीतरी म्हणालं: येतंय.
म्हणजे आधी.
व्हायच्या आधी.
अकरा वर्षांनी घंटी वाजली.
दुधी खाली ठेवला. चार मिनिटं होती माझ्याकडे.
दोन चालण्यात गेली, एक सुट्ट्यांत,
उरलेल्या एका मिनिटात
बंद दाराआड मी नुसतीच उभी राहिले,
वेळ आहे म्हणून.
मग परत गेले. दुधी तिथेच होता. तोच घेतला.

दहाव्या आठवड्यात पुन्हा चुकलं, जिन्यातच.
वहीत तेही आहे. एक्स्चेंजमध्येही असं व्हायचंच.
आज अकरावा गुरुवार.
पिशवीत परकर आहे अजून.
साडी मात्र लिंबाच्या रंगाची.