इतर

मरोळला सातव्या मजल्यावर
माझ्याकडे मराठीची रांग आहे.
लोक सुचवतात, मी वाचते
आणि चारातल्या एका खणात टाकते:
बिघाड, तक्रार, नवी सोय, इतर.
एका सूचनेला चाळीस सेकंद.
तेवढ्यात खाली चकाल्याच्या सिग्नलवर
एक रिक्षावाला तीन गिऱ्हाइकांना नाही म्हणतो.

विक्रोळीहून कुणी लिहितं,
अंगठा आहे, बदाम आहे, रडका चेहरा आहे,
पण ‘वाचलं, काय बोलू सुचत नाही’
याला काही चिन्ह नाही, ते द्या.
नवी सोय.

डोंगरीच्या शमीमबानू म्हणतात,
मी जागी आहे हे अम्मीला दिसावं,
सासरी दिसू नये, असा एकच हिरवा ठिपका
करून मिळेल का?
मी तक्रारवर बोट नेलं, मग सोयवर,
आणि सेकंद संपले.
इतर.
इतर म्हणजे आमच्याकडे
लोफ्टवर टाकलेली ट्रंक.
कुणी उघडत नाही, कुणी फेकतही नाही.

आणि मग प्रभादेवीचे मोरेश्वर धुरू,
रोज रात्री अकराच्या पुढेमागे.
उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली,
आता आमच्या पडद्यावरचं मराठी तपासतात.
‘मित्र जोडा’ हे काय? मित्र म्हणजे नळाचा पाइप आहे?
‘अनुसरण करा’ काढून टाका,
नाक्यावरच्या पोराला कुणी अनुसरत नाही.
‘काहीतरी चुकीचे घडले’ असे तुम्ही वारंवार लिहिता.
कुणाकडून घडले तेही लिहावे.
कर्त्याशिवाय माफी मागू नये.

आत पेन नेऊ देत नाहीत आम्हाला,
म्हणून हे शेवटचं वाक्य मी पाठ केलं
आणि घरी जाऊन फ्रिजवरच्या
दुधाच्या हिशेबाखाली लिहिलं.
नवऱ्याने विचारलं, हे कुणाला उद्देशून?

गणपतीच्या आधल्या आठवड्यात त्यांची एक सूचना आली.
नेहमीपेक्षा आखूड.
‘काल आपण कळवलेत,
आज प्रमिला यांचा वाढदिवस आहे, शुभेच्छा द्या.
मी दिल्या.
तिला जाऊन चौदा महिने झाले.
सूचना अशी: तारीख पुसू नये.
केवळ क्रियापद बदलावे.
“आहे”च्या जागी “असायचा”.
बाकी मजकूर बरोबर आहे.’

चाळीस सेकंद.
पन्नास.
जिग्नेशच्या पडद्यावर माझं नाव लाल झालं.
त्याला मराठी वाचता येत नाही,
त्याला फक्त सेकंद दिसतात.
इतरमध्ये टाकवेना.
बिघाडमध्ये टाकलं.
बिघाड पलीकडच्या इमारतीत जातात,
तिथे माणसं असतात म्हणे.

चौथ्या दिवशी परत आलं,
खाली एक ओळ लावून:
बिघाड पुन्हा घडवून दाखवता आला नाही. बंद.

खरंच आहे.
कसा दाखवणार होते मी घडवून?

धुरूंना आमचं नेहमीचं पत्र गेलं.
ते आपोआप जातं, कुणी पाठवत नाही,
म्हणजे पुन्हा तेच, कर्ता नाही.
रात्री अकराला त्यांचं उत्तर आलं:
‘“आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.”
वाक्य शुद्ध आहे, आनंद वाटला.
मात्र “आपल्या”नंतर
मोकळी जागा दोनदा पडली आहे.’

मी पत्र मोठं करून पाहिलं.
पडली होती.
इतकी वर्षं लाखो लोकांना गेलं ते पत्र,
आणि त्यात एका शब्दापुढे
एक जास्तीची जागा, रिकामी.

हा बिघाड मात्र घडवून दाखवता येतो,
एका क्लिकमध्ये सुटेलही.
तीन आठवडे झाले,
मी अजून कळवलेला नाही.