लंगडत आत

ब्यूटमध्ये रात्री अकराला उणे एकवीस.
बारच्या मागच्या खोलीत एकच टेबल, नऊ खुर्च्या,
आणि मी, पत्ते पिसणारी, वाटणारी.
मला पानं दिसत नाहीत.
बोटं दिसतात.

तिसऱ्या खुर्चीत मार्लिस तुओमिनेन.
चौतीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं
वॉकरव्हिलच्या चढावर.
पानंही तशीच बघते, आरशात मागचं बघावं तशी:
एकदाच,
नि लगेच नजर पुन्हा रस्त्यावर.

दोन डॉलर. फक्त दोन.
वाढवत नाही, टाकूनही देत नाही.
याला इथं लिंप म्हणतात,
लंगडत आत येणं.

सातव्या खुर्चीतला कोल्ट राडोनिच हसतो.
त्याचं म्हणणं, मारायचं तर मार,
नाहीतर घरी जा.
आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबरच असतं,
हे मला कबूल केलं पाहिजे.
गुलाम-नव्वी धरून लंगडत आलेले
आणि तसेच लंगडत पार्किंगपर्यंत गेलेले
किती पाहिलेत मी,
भीतीला संयम म्हणणारे.

मग मार्लिसचं काय वेगळं?

एका पहाटे, शिफ्ट संपल्यावर,
बोटांवरचा पेस्टीचा चुरा पुसत ती म्हणाली होती:
"आधी बघायचं, आपल्या मागं कोण बोलायचंय.
सगळे झोपाळू असतील, स्वस्तात येणारे,
आणि सगळ्यांपुढं ढीग मोठे,
तर पंजीची जोडी घेऊन मीही स्वस्तात येते.
तिसरी पंजी आली तर आली.
नाही आली, तर दोन डॉलर गेले.
मागं एखादा घाईतला असेल
तर एक्क्यांची जोडीसुद्धा लंगडत आणते.
बर्फावर पुढच्याला ओव्हरटेक करू द्यावं.
कुठं घसरतो ते दिसतं."

"आणि एरवी?"

"एरवी वाढव, नाहीतर टाक.
नुसतं बघायचंय म्हणून आत येऊ नकोस कधी.
बघायला खिडकी आहे."

कोल्टनं पंचवीस सरकवले.
आठवा गेला, नववा गेला, बाकीचेही गेले.
पाळी फिरून मार्लिसवर.
पंजी की एक्के?
मी तिच्या बोटांकडं बघत राहिले.
बोटांनी काही सांगितलं नाही.

तिनं पानं माझ्याकडं सरकवली, पालथी.
कोल्ट पुन्हा हसला, चिप्स ओढल्या.
माझ्या अंगठ्याखाली तिची दोन पानं, अजून कोमट.
बघायची नाहीत, असा नियम आहे.
झाकली मूठ झाकलेलीच
मी ढिगात मिसळून टाकली.

एक फेरी उलटली.
तिसऱ्या खुर्चीतून पुन्हा दोन डॉलर.
तेच बोट, तेवढाच आवाज.
आता कोल्टचा हात चिप्सवर गेला
आणि तिथंच राहिला.
बाहेरून बर्फ खरवडणारी गाडी गेली,
कपातली कॉफी थरथरली.
त्यानं कानातली गाणी काढली.
मार्लिसकडं बघितलं. ती
पेस्टीचा कागद घडी घालत होती,
अर्धा, पाव, मग आणखी लहान.

त्यानंही दोनच टाकले.

संयम की भीती, मला सांगता येणार नाही.
बाकीचे आपले मुकाट आत आले.
मी टेबलावर दोनदा टकटक केलं,
वरचं एक पान जाळलं,
आणि पुढच्या तिनांवर हात ठेवला.