पान चौदा

केंडलच्या त्या बोळातला फ्लेक्स परवा उतरवला त्यांनी,
आणि खालून निघाली जुनी अक्षरं,
चुन्यात मुरलेली, अर्धी धुतलेली, तरी हटवादी :
पोस्टलथ्वेट अँड सन.
तंबू, दोर, बूट, स्टोव्ह.
त्याखाली बारीक : पाऊस देवाचा, कोट आमचा.

सन कधी झालाच नाही.
म्हाताऱ्यानं बायकोच्या सातव्या महिन्यातच
रंगाऱ्याला मजकूर देऊन टाकला होता,
रंग वाळला आणि विनिफ्रेड जन्मली.
पुसायचे पैसे वेगळे पडले असते.
मग तीच उभी राहिली त्या पाटीखाली, जन्मभर,
बापाच्या खाकी डगल्यात, कानामागे पेन्सिल,
दोर मोजायची नाकापासून बोटापर्यंत एक वार,
आमच्याकडे बाजारात मांजरपाट मोजतात तसा.

मी आलेलो बुटांच्या कारखान्यात, चामडं शिकायला,
सत्त्याहत्तर साली.
अंगात एकच स्वेटर,
कुमुदनं विणलेला, भुसावळच्या थंडीच्या हिशेबानं.
दुकानात शिरायचो ते ऊब म्हणून.
मेणकापड, रॉकेल, ओली लोकर,
आणि तिच्या खिशातल्या पेपरमिंटचा वास.
भिंतीवर तो पाइपवाला :
एक पाय कड्यावर, नजर पार ढगांपलीकडे,
खाली लिहिलेलं, ‘मी मागे वळत नाही.’
मी मनातल्या मनात त्याला साहेब म्हणायचो.
तो त्यांचा हिशेबनीस निघाला, मिस्टर डॉकरे.
शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घाम फुटायचा त्याला.
कडा म्हणजे मागच्या अंगणातला कोळशाचा ढीग.

एका नोव्हेंबरात ती माझ्याकडे बघतच राहिली.
‘तू हिमालयाजवळचा ना?’
म्हटलं, भुसावळचा. केळी पिकतात. मे महिन्यात सत्तेचाळीस.
ती म्हणाली, ‘आमच्यापेक्षा जवळच की!’

झालं. तोच ढीग, वर साबणाच्या भुकटीचा बर्फ,
माझ्या हातात पितळी स्टोव्ह.
‘हसू नकोस,’ ती ओरडली, ‘तू थकलायस!’
थकलेलो होतोच, रात्रपाळी करून आलो होतो.
कॅटलॉग, पान चौदा :
‘उंचीवर पारखलेला.’
स्टोव्ह की मी, ते लिहिलं नव्हतं.
मजुरी म्हणून एक कोट आणि बुटांचा जोड.

त्या पानाची लाज वाटून
पुढच्या जूनमध्ये मी खरंच चढलो एक डोंगर.
वर पोचून स्टोव्ह पेटवला,
चहा उकळेपर्यंत धुकं आलं,
दिसलं काहीच नाही.
चहा मात्र झाला.

कॅटलॉग घरी धाडला होता.
रेल्वे क्वार्टर्समध्ये हातोहात फिरला म्हणे.
दादा इंजिनावरचे, आगीशी जन्माचा संबंध,
त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं
आणि पत्रात एवढंच लिहवलं :
‘इतकी थंडी आहे तर स्टोव्ह नुसता धरून काय उभा?
पेटव की.’

ते गेले तेव्हा मला वेळेत पोचता आलं नाही.
पासच्या पाकिटात, सहीच्या जागी घामानं पिवळा झालेला,
चार घड्या घातलेला कागद होता.
पान चौदा.
घडी नेमकी माझ्या मानेवरून गेलेली.

दुकानात आता मोबाइल दुरुस्त होतात.
सोमवारी म्हणे नवा फ्लेक्स चढणार.
आज दुपारी भुरभुर चालू होती, तरी गेलो.
कोट तोच. डाव्या खांद्यात झिरपतो,
बाकी देवाचा पाऊस देवाकडेच राहतो.
एक पोरगी फोनवर भिंतीचा फोटो घेत होती,
मला म्हणाली, जरा बाजूला होता का?
झालो.

ओल्या भिंतीवर बाकी सगळं फिकं पडलेलं,
पोस्टलथ्वेटही धड लागत नव्हतं.
सन तेवढं स्वच्छ वाचता येत होतं.