बाकी

राणीसावरगावात गाडी मुक्कामाला लागली
तेव्हा साडेनऊ झाले होते.
दस्तगीरमामूंनी मागच्या लांब सीटवर चादर टाकली.
मी मशीन बंद केलं, हिशोब लावला,
आठ रुपये कमी.
रोजच कमी येतात. खिशातून घातले.

मग तो खेळ उघडला,
दुपारी गंगाखेडच्या कँटीनमधल्या मुंजाजीनं
फोनात घालून दिलेला.
"घ्या मास्तर, तुमच्याच कामाचा हाय.
उगं पैसे गोळा करायचे, बास."

नऊ पत्ते, पालथे.
बोट लावलं की एकेक उलटतो
आणि नाणी सांडतात,
पोतं उसवल्यावर ज्वारी सांडावी तशी.

पहिल्या झटक्यात मला एवढंच कळलं
की आवाज चुकलाय.
बावीस वर्षं चामड्याच्या पिशवीत हात आहे माझा,
न बघता सांगतो, हे दोनचं, हे पाचचं,
आणि हे नवं रुपयाचं, आठ आण्यांएवढंच लागणारं.
पिशवीतलं नाणं खोकतं.
गर्दी असली की खेकसतं.
हे तर कुल्फीवाल्याच्या घंटीसारखं
लाडात येऊन किणकिणतं.

तरी दोन मिनिटांत सव्वा लाख झाले.
कुणी दहाचं नाणं उलटसुलट करून
"आमच्या गावात हे चालंना" म्हणत परत दिलं नाही.
कुणाच्या तिकिटामागे
"बाकी ३" लिहून सही करावी लागली नाही.
(बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून
माझी सही तहसीलदारापेक्षा जास्त घरांत आहे.)

चित्रांचे पत्तेही मिळतात.
'बंदर' नावाच्या संचात माझे आठ जमले:
होडी, नांगर, खेकडा, दोरखंड, असलं काहीबाही.
नववा, दीपगृहाचा, काही केल्या येईना.
समुद्र मी एकदाच पाहिलाय,
युनियनच्या मोर्चाला गेलो तेव्हा, लांबून.
पाणी येत होतं की चाललं होतं
तेही कळलं नव्हतं.
आणि इथे रात्रीचे अकरा वाजता, बालाघाटच्या माळावर,
एका टावरची एकच काडी नेटवर्क धरून
मी दीपगृहासाठी पत्ते उलटतोय.

मग खेळ म्हणाला, हल्ला करा.
समोर एक गाव आलं.
चार घरं, विहीर, दारात कोंबडा.
खाली नाव: दस्तगीर शेख.
अच्छा. म्हणजे मुंजाजीनं दोघांनाही धरलंय.

वळून पाहिलं.
मामूंचा चष्मा छातीवर, फोन उशाशी,
श्वास एका लयीत, चढावर दुसऱ्या गिअरला लागलेल्या गाडीसारखा.
माझं बोट थांबलं.
फार वेळ थांबलं, असं म्हणणार नाही.

छप्पर पडलं. कोंबडा उडाला.
चाळीस हजार माझ्याकडे आले
आणि मागे अंधारात, त्यांच्या उशाशी,
फोन एकदा टुंग झाला.
मी घाईनं स्क्रीन मांडीवर पालथी घातली.
बराच वेळ कुत्री ऐकत बसलो.

पाऊणेसहाची पहिली फेरी.
मामू रेडिएटरमध्ये पाणी घालत होते.
बाटलीचं झाकण लावताना, बॉनेटलाच विचारल्यासारखे म्हणाले,
"मास्तर, कोंबडा कुनी नेला हो माझा?"
मी डबल बेल दिली.
दुधाच्या किटल्या अजून चढत होत्या,
लोक ओरडले.

एका टाकलेल्या तिकिटामागे लिहिलं
"बाकी ४०,०००", खाली सही, बिल्ला नंबर,
आणि स्टिअरिंगजवळ, ते किल्ली ठेवतात तिथे, खोचलं.
त्यांनी वाचलं.
फाडलं नाही. बोलले नाहीत.
सगळे खड्डे रोजच्यासारखे हळू घेतले.

गंगाखेडच्या डेपोत गाडी वळवताना,
आरशात मागे बघत,
"त्यातले रातचे आठ वजा करा," म्हणाले.