तेरा मिलिमीटरचे काळे मणी

तपकीर गल्लीतल्या तिसऱ्या दुकानात
पोऱ्या म्हणाला, "काकू, साहेबांना फोन लावा,
नक्की काय हवंय ते विचारा."
म्हटलं, साहेब मीच.
फेराइट दे. क्लिपवाले. आतलं भोक तेराचं.
आणि ती बरणीच खाली काढ,
माझे मी निवडून घेते.

बावीस वर्षं पिंपरीला कॉइली गुंडाळल्या,
तांब्याची तार, केसाहून बारीक.
एक वेढा जास्त पडला तर
शेवटच्या टेबलावरची रोहिणी चाबुकस्वार
मान वर न करता म्हणायची,
"स्टेशन सरकलं गं, अर्धा काटा."
कारखाना गेला. रोहिणी लेकीकडे लातूरला.
वेढे बोटांत राहिले.

घरचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या हातचा.
गाणं संपलं की मागे घूं उरायचं,
पितळी तांब्यात माशी अडकावी तसं.
आधी अर्थिंग पाहिलं.
खड्ड्यात मीठ-कोळसा शेवटचा कधी घातला,
तर चेअरमन दाभाडे म्हणाले,
"इतिवृत्तात बघावं लागेल."
मग वायरी वेगळ्या केल्या,
विजेची डावीकडून, सिग्नलची उजवीकडून,
भेटायचंच असेल तिथे काटकोनात,
अबोला धरलेल्या जावांसारख्या.
घूं गेलं.

राहिलं ते चरचरणं.
रात्री साडेदहाला, पुन्हा पहाटे तीनच्या सुमारास
(तीनला मी जागीच असते, वय),
दहा-बारा मिनिटं,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं.
त्यासाठी हे मणी.

चटई टाकली, बॅटरी दातांत धरली,
टेबलामागे शिरले.
कट्. कट्. एकेका वायरीला एकेक.
वायरीचे दोन वेढे घेतले की मणी चौपट राबतो.
माणसांना हे लागू नाही.

भाचेसुनेला फोटो पाठवला.
ती म्हणाली, "आत्या, बाळाच्या मनगट्याच की या!"
खरंच की.
दृष्ट लागू नये म्हणून
मलाही बांधल्या होत्या म्हणे, काळ्या दोऱ्यात.
पुढचे काळे मणी गळ्यात यायचे राहिले.
विषय एकदा निघाला होता, मग निघाला नाही.

साडेदहा वाजले.
काही नाही.
सारंगीच्या दोन सुरांमधली जागा
पहिल्यांदाच ऐकली.
तिथे वाजवणाऱ्याचा श्वास होता
आणि मागे कुणाची तरी खुर्ची करकरली.
तीन वाजले. काही नाही.
इतकी खूश, की झोपच येईना.

सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचा सुहृद भेटला,
हातात थर्मास, शर्टाची बटणं वरखाली.
"बाळाला काल संध्याकाळी अ‍ॅडमिट केलं, काकू.
छाती भरली परत.
घरी रात्री वाफ द्यायचो, नेब्युलायझरने,
त्या मशीनचा खाली तुम्हाला त्रास व्हायचा का हो?"

नाही रे, म्हटलं.
काहीच यायचं नाही.

दुपारी वरण करपलं.
म्हणजे मणी चालतात की नाही
हे मला अजून माहीत नव्हतं.
संध्याकाळी पुन्हा चटई टाकली,
सगळे मणी काढले, वाटीत ठेवले.

गाणं लावलं नाही. नुसता अ‍ॅम्प्लिफायर चालू,
आवाजाची खुंटी तीनच्या पुढे.
कळा, छत, पंख्याची भिंगरी.
एकदा चर्र झालं, ताडकन उठले,
तो आमचाच फ्रिज होता.
दुसरी रात्र. तिसरी.
दाभाड्यांनी इतिवृत्त सापडल्याचं कळवलं,
कोळसा सात वर्षांपूर्वी.
बरं, म्हटलं, सावकाश घाला.

पाचव्या रात्री, तीन वाजून सात मिनिटांनी,
तव्यावर पाणी.

मी आवाज थोडा वाढवला.